मदत हवी आहे : एव्हीएनआरटीच्या अ‍ॅब्लेशनमधला ‘तो त्रिकोण’ नेमका कुठे असतो?

मोठ्या बहिणीला (वय ४२) बसल्याबसल्या धडधड सुरू होते. ठोके थेट १८० च्या वर, मानेत टकटक, आणि बटण बंद करावं तसं एकदम शांत. मागच्या वेळी नेमका ईसीजी हाती लागला, निदान एव्हीएनआरटी (हृदयातला विजेचा संदेश एव्ही नोडपाशी गोल फिरत राहून ठोके एकदम वाढण्याचा त्रास). पुढच्या आठवड्यात जांघेतल्या शिरेतून कॅथेटर घालून इपी स्टडी (हृदयातल्या विद्युत-संदेशांची तपासणी) आणि लगेच अ‍ॅब्लेशन, म्हणजे त्रास देणारी जागा भाजून निकामी करणं.

डॉक्टरांनी ईसीजीच्या मागे एक त्रिकोण काढला. शेंड्यावर गोळा, पायथ्याशी फुली. ‘फुलीवर काम करायचं, गोळ्याला हात लावायचा नाही.’ पण संमतीपत्रात ‘पेसमेकर लागण्याची शक्यता’ आहे आणि ताई त्या ओळीवरच अडलीय. नुसता धीर दिलेला तिला चालत नाही, कारण लागतं. नेटवर शोधलं तर फुप्फुसाच्या शिरा आणि डावं अलिंदच (हृदयाचा वरचा डावा कप्पा) समोर येतं. कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १
फुप्फुसाच्या शिरांचं प्रकरण एट्रियल फिब्रिलेशनचं (अनियमित ठोक्यांचा वेगळा विकार), ते बाजूला ठेवा. ताईंचं काम बहुतेक वेळा उजव्या अलिंदातच आटोपतं.

तुमचा त्रिकोण म्हणजे कोखचा त्रिकोण, उजव्या अलिंदाच्या तळाशी, मधल्या पडद्याला लागून. एका बाजूला त्रिदली झडपेची कड, दुसऱ्या बाजूला टोडारोचा तंतू, पायथ्याशी कोरोनरी सायनसचं तोंड. शेंड्याशी तुमचा गोळा, म्हणजे एव्ही नोड, ठोक्याचा संदेश वरच्या कप्प्यांतून खाली पोचवणारी गाठ (तवारा यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेली), आणि तिथून खाली जाणारा हिसचा जुडगा. वरून खाली संदेश जायचा हा एकच नैसर्गिक रस्ता. तो भाजला गेला तर पेसमेकर, म्हणून ती ओळ. अनुभवी हातात हे शंभरात एक किंवा त्याहूनही कमी.

सगळा त्रिकोण मोठ्या माणसातही साधारण दीड-दोन सेंटीमीटरचा, त्यामुळे फुली आणि गोळ्यातलं अंतर मिलिमीटरमध्येच मोजायचं. शिवाय ‘पाथवे’ म्हणजे सुटी वायर नव्हे, नोडकडे येणारी स्नायूंचीच वाट आहे. हळू वाट पायथ्याकडून येते, जलद वाट वरच्या अंगाने. धडधडीच्या झटक्यात संदेश एकीने उतरतो, दुसरीने चढतो आणि गोल फिरत राहतो. हळू वाट मोडली की चक्कर तुटते.

प्रतिसाद २
माझं झालंय हे. टेबलावर हलू नका म्हणून इतकं का बजावतात, ते वरचे मिलिमीटर वाचून आज कळलं!

प्रतिसाद १
हो, आणि डॉक्टरांचा डोळा सतत मॉनिटरवर असतो. योग्य जागी कॅथेटरच्या टोकाच्या नोंदीत अलिंदाची खूण बुटकी, निलयाची (खालच्या कप्प्याची) उंच दिसते. हिसची खूण दिसली तर तिथे भाजत नाहीत. ऊर्जा सुरू झाल्यावर नोडकडून सावकाश ठोके उमटतात, ते चांगलं लक्षण. पण त्यातला एखादा वर अलिंदापर्यंत पोचला नाही, तर ऊर्जा तत्काळ बंद.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ताईने त्याच कागदावर तिन्ही बाजूंना नावं घातली. डॉक्टरांसाठी प्रश्नही लिहिलाय : क्रायोत (गोठवून करायच्या पद्धतीत) आधी थोडंच गार करून परिणाम बघता येतो म्हणे, मग उष्णताच का?

प्रतिसाद १
जरूर विचारा. क्रायोत नोडला धोका कमी, पण त्रास परत उलटण्याचं प्रमाण जास्त. त्यांची निवड कशावरून, तेही विचारा.