लंगड्या कोंबडीला सोबत हवी आहे. शांत कोंबड्या कोणत्या?

अबोली_देवरुख
आमची बयो गावठी, तांबूस काळी. पिल्लू असताना डावा पाय नायलॉनच्या जाळीत अडकला, शीर सरकली ती सरकलीच. एका पायावर उड्या मारत, पंख टेकत चालते. बाकी ठणठणीत. अंडीही घालते, फक्त जागेचा नेम नाही; परवाचं अंडं विळीच्या पाटाखाली मिळालं.

तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुंगसाने नेल्या. ही रात्री पडवीत डालग्याखाली असते म्हणून वाचली. तेव्हापासून तिचं खाण्यात लक्ष नाही. ताटलीत कणी ठेवली तर बघतही नाही. मी शेजारी बसून नखाने ताटलीवर टकटक केलं की मग टोच मारते. मी आत गेले की उंबऱ्यापर्यंत येते, तो चढता येत नाही, मग तिथूनच कुरकुर. मी दुपारपर्यंत कामावर असते. सासूबाई म्हणतात, "लंगडीचे लाड पुरे, गटारी आलीच आहे." पण रात्री डालग्यावर दगड ठेवलाय का, ते त्याच उठून बघतात.

शेजारच्यांची एक कोंबडी आणून सोडली होती. बघता बघता बयोच्या तुऱ्यातून रक्त! लगेच परत नेऊन दिली. आता नीट विचारून आणायची आहे. एक आणू की दोन? कोंबडा हवा का? बदक चालेल?

परसातला_माणूस
ताई, कोंबडा अजिबात नको. तो पाठीवर चढतो तेव्हा कोंबडीला दोन्ही पाय रोवून बसावं लागतं. हिला ते जमणार नाही, पाठ सोलून निघेल. बदकही नको. पाणी सांडून जमीन कायम ओली ठेवतात आणि बसून असणाऱ्या कोंबडीच्या तळव्याला, छातीला ओलीवर फोड येतात. नर बदक तर कोंबडीवरही चढतं.

दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणा, अडीच-तीन महिन्यांच्या, बयोपेक्षा लहान चणीच्या. मोठी आणली की ती पहिल्याच दिवशी मालकीण होते. लहान असल्या की बयो थोडा रुबाब करेल, आणि करू दे.

कोकणी_मिरची
दोन आणल्या तर त्या दोघींचीच जोडी जमते आणि लंगडी पुन्हा कोपऱ्यात. आमच्याकडे हेच झालं. मी म्हणेन एकच आणा.

परसातला_माणूस
आणि त्या एकीला मुंगसाने नेलं तर? कोकणात राहून हे विसरता होय!

पशुसेवक६२
सोबतीण ठरवण्याआधी पाय नक्की जाळीमुळेच गेला ना, ते सांगा. साधारण दोन ते पाच महिन्यांच्या वयात कोंबडी अचानक लुळी पडली, एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून बसायला लागली, तर मरेक्स या विषाणूच्या आजाराची शंका येते. तो विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो, जगलेली कोंबडी तो पसरवत राहते आणि खुराड्यातल्या धुळीत तो कित्येक महिने टिकतो. अशा घरी आठवडी बाजारातली गावठी पिल्लं आणू नयेत, त्यांना सहसा मरेक्सची लस दिलेली नसते. ही लस हॅचरीत, म्हणजे पिल्लं उबवतात तिथे, पहिल्याच दिवशी देतात. लसीने आजार रोखला जातो, लागण नाही. तशी शंका असेल तर हॅचरीतलेच पक्षी घ्या, लस दिली आहे का ते विचारून. राणीखेत रोगाची लस मात्र कोणाचीही चुकवू नका.

अबोली_देवरुख
नाही दादा, जाळीच. पंधरा-वीस दिवसांची होती, अडकलेली मीच सोडवली. नंतर घरात दुसरी कोणी लुळी पडली नाही.

पशुसेवक६२
मग गावठी चालतील. तरी नव्या आणाल त्या आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा. दाणापाणी आधी बयोचं, मग त्यांचं. सर्दी, हिरवी पातळ विष्ठा, अंगावर उवा यांवर लक्ष ठेवा.

लेअर_ते_अंगण
अजून एक मार्ग. लेअर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, साधारण दीड वर्षाच्या कोंबड्या अंडी कमी झाली की काढून टाकतात, स्वस्तात मिळतात. चोच छाटलेली असते, त्यामुळे टोच फारशी लागत नाही. तपकिरी मिळाली तर उत्तम. पांढरी बुजरी, भांडं पडलं तरी भिंतीवर आपटते. पिंजऱ्यात वाढल्यामुळे घार काय हेही त्यांना माहीत नसतं, सुरुवातीला उघड्यावर सोडू नका. सिल्की नावाची केसाळ जात स्वभावाने फार गरीब, पण तिची पिसं पाण्याने चिंब होतात. देवरुखच्या पावसात तिला नेऊ नका, ही हात जोडून विनंती.

परसातला_माणूस
वेगळ्या ठेवण्याचे दिवस संपले की मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा. बयोची ताटली जाळीच्या अगदी लगत, पलीकडे त्यांची. एकमेकींना बघत खाल्लं की नखाची टकटक लागणार नाही. एकत्र सोडाल तेव्हा ताटल्या तीन आणि लांब लांब. बयोसाठी एक खोकं आडवं ठेवा, तोंड इतकं बारीक की ती आत गेली की मागून दुसरी घुसू नये. रक्त दिसलं तर हळद लावून ती वेगळी काढा, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

अबोली_देवरुख
दोन गावठी तलंगा आणायचं ठरलं. वाडीत एकीकडे आहेत, बुटक्या जातीच्या, पोरांच्या मांडीवर बसणाऱ्या. कोंबडीला मुलांची सवय असणं ही स्वभावाची खूण धरावी का? आणि सासूबाई विचारतायत, तिघी एका डालग्याखाली मावतील का, की बुरुडाला नवीन मोठं सांगायचं?

कोकणी_मिरची
मुलांच्या मांडीवर बसते म्हणजे माणसाला भीत नाही, एवढंच. कोंबडीशी कशी वागते ते तिथेच बघा. दाणे टाका आणि दुसरीला हुसकावते का ते पाहा. डालगं नवीनच सांगा, आणि विण बारीक घ्या, मुंगूस नाक घालतं.