म्युनिक: नोकरीवरून काढल्याचं पत्र आलंय, इंग्रजी बोलणारा भरवशाचा वकील कसा शोधू?

गोदाकाठ, 17 मार्च
नमस्कार मंडळी. भाचीच्या लग्नाला नाशिकला गेलो होतो. काल रात्री परतलो तर पत्रपेटीत कंपनीचं क्युंडिगुंग, म्हणजे नोकरी संपवल्याची नोटीस! पत्रावर तारीख 3 मार्च. पाकिटावर तिकीट नाही की शिक्का नाही, म्हणजे कोणीतरी हाताने टाकून गेलंय. तीन वर्षं इथे टेस्टिंगमध्ये आहे, कंपनी मोठी आहे, मी ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीवर मिळालेल्या राहण्याच्या परवान्यावर. माझं जर्मन बेकरीपुरतं. एचआरच्या बाईंनी गुरुवारी 'बोलायला' बोलावलंय, काहीतरी करार करू म्हणतात.

आपल्या लोकांच्या ग्रुपवर विचारलं तर नावांचा पाऊस पडला. एक गृहस्थ म्हणाले, 'सगळं सांभाळतो, आधी 500 युरो पाठवा.' रेश्ट्सशुत्सचा, म्हणजे वकील-कोर्टाच्या खर्चाचा विमा आहे, पण तो वापरतात कसा ते ठाऊक नाही. मला इंग्रजीत समजावून सांगणारा आणि न फसवणारा वकील हवाय.

डोंबिवली फास्ट लोकल
अमेरिकन आणि ब्रिटिश वकिलाती जर्मनीतल्या इंग्रजी बोलणाऱ्या वकिलांच्या याद्या त्यांच्या साइटवर ठेवतात. त्या कोणीही बघू शकतो, पासपोर्ट कुठला का असेना. मात्र त्यात नाव आहे म्हणजे वकिलातीने हमी घेतली असं नाही, ते तिथेच लिहिलेलं असतं.

सदाशिव पेठ ते श्वाबिंग
वकील नंतर, आधी कॅलेंडर काढा. पत्र पोचल्यापासून तीन आठवड्यांत कामगार कोर्टात दावा दाखल व्हावा लागतो. तुम्ही नाशिकला मांडवात होतात याने फरक पडत नाही. पेटीत पडलं की पोचलं, असंच इथे धरतात. कधी टाकलं माहीत नाही ना? मग 3 तारखेलाच टाकलं असं समजून चाला. म्हणजे शेवटचा दिवस 24 मार्च. तो उलटला की चुकीच्या कारणाने काढलेलंही वैध ठरतं. उशिरा दाखल करून घ्यायची एक वाट आहे, पण हातात आठवडा असताना तिच्या नादी कशाला लागायचं?

आता वकील. आमच्या कंपनीच्या बेट्रीब्सराटवर (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळावर) मी बरीच वर्षं होते, तेव्हा जे पाहिलं त्यावरून सांगते. इंग्रजी ही दुसरी अट. पहिली अट 'फाखआनवाल्ट फ्युअर आर्बाइट्सरेख्ट', म्हणजे कामगार कायद्यातला तज्ज्ञ वकील. ही उपाधी कोणी मनाने पाटीवर लावू शकत नाही. वकिलांची कामर, म्हणजे त्यांची अधिकृत संस्था, ती देते, त्याआधी त्या विषयातली प्रकरणं हाताळल्याचा पुरावा मागते आणि नंतर दरवर्षी अभ्यासाचे तासही मोजून घेते. फर्डं इंग्रजी बोलणारा पण दिवसभर घटस्फोटाचे खटले लढणारा वकील तुमच्या काय कामाचा? कोर्ट जर्मनमध्येच चालणार. वकिलाचं इंग्रजी फक्त तुमच्याशी बोलायला.

आनवाल्टआउसकुन्फ्ट या वकील शोधायच्या साइटवर शहर, विषय आणि भाषा निवडून शोधा. नाव मिळालं की बुंडेसरेश्ट्सआनवाल्ट्सकामरच्या (देशभरातल्या वकिलांच्या कामरच्या) अधिकृत नोंदवहीत ते आहे का बघा. नसेल तर तो इथला वकील नव्हे, मग ग्रुपवर तो कितीही जणांचा 'आपला माणूस' असो. त्या 500 युरोवाल्यांना तिथे जरूर शोधा.

पैशाचं पहिल्याच मेलमध्ये विचारा, लाजू नका. वेगळा करार केला नसेल तर तुमच्या-आमच्यासारख्याला पहिल्या सल्ल्याचे जास्तीत जास्त 190 युरो अधिक व्हॅट, म्हणजे 226 युरो 10 सेंट. आणि कामगार कोर्टात पहिल्या पायरीवर जिंकलात तरी आपल्या वकिलाचे पैसे आपणच भरायचे, म्हणून तुमचा विमा लाखमोलाचा. विमा क्रमांक वकिलाला द्या, विमा कंपनीकडून खर्चाची मंजुरी बहुतेक जण स्वतःच मागवतात. विमा कंपनीने सुचवलेलाच वकील घ्यायची सक्ती नसते.

'हरलो तर किती खर्च येईल?' याला जो लेखी, सरळ उत्तर देतो त्याच्यावर माझा भरवसा बसतो. 'शंभर टक्के जिंकू' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. यातली पुष्कळ प्रकरणं पहिल्याच तारखेला तडजोडीत मिटतात. तडजोडीत नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार हा बाजारातला ठोकताळा, तो हक्क नव्हे.

मालवणी बाणा
ताई म्हणतायत ते खरं, पण वकील वेळेत मिळालाच नाही तर? विन्झररश्ट्रासवरच्या कामगार कोर्टात रेश्ट्सआनत्रागश्टेले, म्हणजे अर्ज लिहून घेणारा कक्ष आहे. तिथला कर्मचारी तुमचं म्हणणं ऐकून दावा लिहून घेतो, वकील लागत नाही. पत्र आणि नोकरीचा करार न्या, सोबत जर्मन येणारा मित्र न्या. सल्ला मात्र ते देत नाहीत. मुदत वाचली की वकील निवांत शोधा.

गोदाकाठ, 18 मार्च
धन्यवाद. ते गृहस्थ नोंदवहीत नाहीत. दोघी फाखआनवाल्टना मेल टाकली. एकीचं तासाभरात इंग्रजीत उत्तर आलं: पत्राची दोन्ही पानं, पाकीट, पगाराच्या तीन स्लिपा आणि विमा क्रमांक पाठवा, उद्या दुपारी फोनवर बोलू. फी किती तेही न विचारता लिहिलंय. व्हिसाचं काय?

सदाशिव पेठ ते श्वाबिंग
या बाईच धरा. नोकरी संपत असल्याचं आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) दोन आठवड्यांत कळवा, आणि रोजगार कार्यालयात तर तीन दिवसांत नाव नोंदवायचं असतं. पत्र परवा रात्री हातात आलंय, म्हणजे ते आजच करा, ऑनलाइन होतं. गुरुवारी कशावरही सही नको. आउफहेबुंग्सफरत्रागवर, म्हणजे आपसात नोकरी संपवण्याच्या करारावर सही केलीत तर बेकारभत्ता बारा आठवडे अडकू शकतो.

गोदाकाठ
एचआरला कळवलं की कागद घरी नेऊन वाचणार. त्या म्हणतात, ऑफर फक्त गुरुवारपुरती आहे.

सदाशिव पेठ ते श्वाबिंग
सगळ्यांना तसंच सांगतात. हा मेलही वकीलबाईंना पाठवून द्या.