नाडी ‘लागते’ की ‘दिसते’?

सुमेधा_पुणे: नर्सिंगच्या मुलींसाठी सीपीआरच्या हँडआउटचं मराठी करतेय, उद्या सकाळी द्यायचंय. हृदय बंद पडलेल्या पेशंटची नाडी बोटांऐवजी छोट्या सोनोग्राफी मशीनचा प्रोब गळ्यावर ठेवून बघायची असा भाग आहे. मी लिहिलं, ‘१० सेकंदांत पडद्यावर नाडी लागली नाही तर छाती दाबणं लगेच सुरू करा.’ तपासणाऱ्या बाई म्हणतात पडद्यावर नाडी लागत नाही, दिसते. पण ‘नाडी दिसली’ कानाला कसंतरीच वाटतं. काय करू?

बंडूनाना: दिसतेच की! आमच्याकडे वैद्यबुवा मनगट धरून डोळे मिटून बसायचे तरी आजी म्हणायची गप्प बसा रे, नाडी बघतायत.

विदुला: नाना, भाजीतलं मीठपण बघतो आपण, म्हणून मीठ दिसतं का?

कॅज्युअल्टीतला: ‘लागत नाही’ सोडू नका प्लीज. एका नाइटला मॉनिटरवर रेषा व्यवस्थित नाचत होती, गळ्याला बोटांना काहीच नाही, मी ओरडलो पल्स नाही. सरांनी छातीवर प्रोब ठेवला तर हृदय हलत होतं, अगदी मरगळलेलं, पण हलत होतं. नंतर चहा पिताना म्हणाले, पल्स ‘नाही’ म्हणू नकोस, ‘लागत नाही’ म्हण, तू तुझ्या बोटांबद्दल सांगतोयस, पेशंटबद्दल नाही. उलटंपण होतं, धावत आलो की स्वतःच्याच बोटातली धडधड पेशंटची वाटते.

सुमेधा_पुणे: हे भारी आहे! मग प्रोबने बघितल्यावर काय लिहू?

कॅज्युअल्टीतला: आम्ही ‘फ्लो आहे’ म्हणतो, म्हणजे रक्त वाहतंय 😅 प्रोब जरा दाबला की शीर चपटी होते, धमनी होत नाही, ती उडताना दिसते. पण त्या हँडआउटमध्ये हे नक्की टाका की प्रोब कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, चालू असतानाच जागेवर ठेवायचा आणि दुसऱ्याने मोठ्याने सेकंद मोजायचे, नाहीतर सगळे पडद्याकडे बघत बसतात आणि छाती दाबायची राहते. २०१७ च्या एका अभ्यासात साधी नाडी बघायला सरासरी १३ सेकंद गेले आणि सोनोग्राफी लावली की २१.

मायमराठी: प्रोब, फ्लो, पल्स, कॉम्प्रेशन. आपण कोणत्या भाषेची चर्चा करतोय? अल्ट्रासाउंडला श्राव्यातीत असा चांगला शब्द आहे, धमनीला रोहिणी आहे.

विदुला: श्राव्यातीत म्हणेपर्यंत १० सेकंद संपले.

जळगावकर: ते सोडा, पण ‘सोनोग्राफी’ वाचलं की आपल्याकडे पोटुशी बाईच डोळ्यासमोर येते. प्रत्येक सेंटरवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ची पाटी, १९९४ चा कायदा, छोट्या मशीनचीसुद्धा नोंदणी. माझ्या काकूला गळ्याची सोनोग्राफी सांगितली तर म्हणे गळ्यात काय मूल आहे का.

बंडूनाना: 😂 बाय द वे धमनी हा धम् वरनं, म्हणजे फुंकणे. भात्यातून वारा जातो तशी. आणि नाडी, नळी, नाली सगळी एकाच घरातली, नाडी म्हणजे मुळात पोकळ नळीच. त्यामुळे पडद्यावर जी दिसते ती खरी नाडी, बोटाला लागतो तो ठोका!

मायमराठी: मग लेंग्याची नाडी पोकळ असते का?

बंडूनाना: लेंग्याचा नेफा पोकळ असतो ना, त्यावरनं आली असेल.

विदुला: काहीही नाना. शिवाय जुन्या हिशोबात नाडी म्हणजे घटका, २४ मिनिटं. तेवढा वेळ कॅज्युअल्टीत कोण देणार.

मायमराठी: रोहिणीचं कोणीच बोलत नाहीये. आम्ही शाळेत रोहिणी आणि नीला शिकलो, धमनी नंतर घुसली.

जळगावकर: आमच्या वर्गात रोहिणी आणि नीला दोघी होत्या, सरांनी तो धडा घाईत उरकला.

सुमेधा_पुणे: अहो, उद्या सकाळी द्यायचंय. सध्या ‘पडद्यावर धमनी उडताना दिसली नाही तर’ असं करते आणि बोटांच्या भागात ‘लागली नाही’ ठेवते. चालेल?

कॅज्युअल्टीतला: मला चालेल. मायमराठींचं माहीत नाही.

विदुला: एक शंका, तुम्ही लोक पल्स आला म्हणता की आली?

कॅज्युअल्टीतला: आली. अर्थात.

जळगावकर: आमच्या १०८ वर सगळे ‘आला’ म्हणतात.

बंडूनाना: नाडी स्त्रीलिंगी म्हणून आली, ठोका पुल्लिंगी म्हणून आला. सांगितलं ना, दोन वेगळ्या गोष्टी आहेत!