फोन कंपनी बदलल्यावर नंबर तोच राहिला का तुमचा? अनुभव सांगा

खळ्यातून
परवा माळा साफ करताना आंब्याची जुनी लाकडी पेटी मिळाली. फळीवर निळ्या रंगात आजोबांचं नाव, देवगड हापूस, आणि खाली घरचा फोन नंबर, सुरुवातीला देवगडचा एसटीडी कोड ०२३६४. पत्र्याचा साचा धरून वरून ब्रश मारायचे. साचा धरायचं काम माझं, ब्रश काकाचा. साच्यातला ८ चा आकडा मधे दोन ठिकाणी जोडलेला असायचा, म्हणून पेटीवर तो कायम तुटका उमटायचा. हात जरा हलला की रंग पसरायचा आणि काका ओरडायचा. पेटी बघितली आणि तासभर तिथेच बसून राहिलो.

तो नंबर अजून चालू आहे. तौक्ते चक्रीवादळात, मे २०२१ ला, खांब पडले आणि तांब्याची वायर गेली ती गेलीच. मग त्याच कंपनीचं फायबर घेतलं म्हणून नंबर तोच मिळाला, फोन आता राऊटरच्या मागे लावलाय. पण गेल्या पावसात सलग ११ दिवस बंद! तक्रार करून थकलो. गावात आता दुसऱ्याचं फायबर आलंय, त्यावर फोनही मिळतो. नंबर हाच राहील का विचारलं तर नाही म्हणाले. मोबाइलचा पोर्ट होतो, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, लँडलाइनचा आपल्याकडे होत नाही. पुण्याची दोन-तीन घरं अजून पाडव्याच्या आसपास याच नंबरवर फोन करून पेट्या सांगतात. त्यांना काय सांगू? तुम्ही काय केलंत ते लिहा.

सुरंगी
माझ्या आवशीक आजून तोच एक नंबर तोंडपाठ आसा. माझो मोबाइल नंबर तिका येणा नाय, भावाचो पण नाय. काढू नको रे बाबा तो नंबर.

रातांबा
पेटीचा फोटो टाका ना! आता सगळे पुठ्ठ्याचे खोके. लाकडी पेटीतल्या पेंढ्याचा तो वास गेला तो गेलाच.

चाकरमानी_परळ
आमचं मोबाइलचं. बाबा २०१४ ला रिटायर होऊन लांज्याला आले. नंबर मुंबईचा. मुंबई सर्कल (फोन कंपन्यांचा विभाग) वेगळं, आपलं कोकण महाराष्ट्र-गोव्यात, आणि तेव्हा सर्कल बदलून पोर्ट होत नव्हतं. वर्षभर रोमिंग. बाबा मिस्ड कॉल देऊन फोन ठेवून द्यायचे, मग आम्ही लावायचा. ३ जुलै २०१५ पासून देशभर कुठूनही कुठेही सुरू झालं, त्याच महिन्यात करून घेतलं. गिरणीतले मित्र अजून त्याच नंबरवर येतात.

कातळसडा
आमच्याकडे मुळात रेंजच नाही, आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन दांड्या. पोर्ट करण्याआधी कुठल्या कंपनीची रेंज घराच्या पडवीत येते ते शेजाऱ्याच्या फोनवर बघून घ्या. आम्ही न बघता केलं. परत जायचं तर ९० दिवस थांबावं लागलं.

वाशिष्ठी
ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी पटकन लिहिते, भात उतरायचाय. मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट, मग जागा सोडून आपला नंबर, १९०० ला पाठवायचा. ८ अक्षरांचा कोड येतो, ४ दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. सर्कलमध्येच असेल तर ३ कामाचे दिवस, बाहेर असेल तर ५. पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल तर कोडच येत नाही. आणि जुनं सिम आपोआप मरेपर्यंत फोनमध्येच ठेवा, टाकून देऊ नका.

चिपळूणच्या पुरात (२२ जुलै २०२१) माझा फोन, सिम सगळं पाण्यात. नंबर बँकेला लावलेला, ओटीपी येईना, मदतीचे पैसे खात्यात आलेत की नाही तेही कळेना. डुप्लिकेट सिमसाठी चार दिवस चिखलातून फिरले. तेव्हापासून नंबर म्हटलं की पोटात गोळा येतो.

आगोट
वाशिष्ठीताई, आमचं दुकान बाजारपेठेतच होतं. तुमचं बरं आहे ना आता सगळं?

वाशिष्ठी
हो दादा, उभे राहिलो. भिंतीवरची रेष अजून पुसली नाही, मुद्दाम.

गुहागरकर_मावशी
यांचा नंबर मी सोडला नाही. हे गेल्यावर सिम डब्यात ठेवून दिलं होतं. मुलगा म्हणाला, आई, ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जातो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी रिचार्ज केलं. मग मृत्यूचा दाखला, मुलांची संमती देऊन माझ्या नावावर करून घेतला. पोर्ट त्यानंतर. आधी नाव, मग पोर्ट, दोन्ही एकदम केलं तर अडतं. तरकारीवाला अजून 'भाऊ आहेत का' म्हणून फोन करतो. मी बोलते त्याच्याशी.

सुरंगी
मावशी 🙏

पाणवठा
भाची न्यू जर्सीला असते, तिचा घरचा फोन इंटरनेटवरचा, छोटा डबा लावून. तिथे मात्र असा नंबरही दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो, २००७ पासून नियमच आहे. तिचा अर्ज एकदा परत आला, कारण बिलावर आडनाव एक आणि अर्जात सासरचं. नाव, पत्ता, खाते क्रमांक, पिन सगळं बिलाप्रमाणे हवं. आणि नवीकडे नंबर चालू झाल्याशिवाय जुनं बंद करायला सांगायचं नाही, नाहीतर नंबर हातचा जातो. शेजारणीचा गेला. शिवाय तिथे आणीबाणीसाठी ९११ असतो, त्यात घरचा पत्ता नवीन कंपनीकडे पुन्हा लिहून द्यावा लागतो, हे भाचीला कुणी सांगितलंच नव्हतं.

आगोट
फायबरवाल्या फोनचं एक लक्षात ठेवा, वीज गेली की फोन गेला. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीवरून ४८ व्होल्ट यायचे, म्हणून अंधारातही रिंग वाजायची. घरात म्हातारं माणूस असेल तर राऊटर इन्व्हर्टरवर घ्याच.

कातळसडा
यंदा मोहोर कसा आहे देवगडला? इकडे थंडीच नाही.

खळ्यातून
उशिरा आहे, तुडतुडाही दिसतोय. फवारणी चालू.

सगळ्यांचं वाचलं. ठरवलं असं: इंटरनेट नव्याचं घ्यायचं, जुना फोन सर्वांत स्वस्त प्लॅनवर ठेवायचा, आणि आलेला फोन माझ्या मोबाइलवर वळवायचा. दोन बिलं पडतील, पडू देत. मावशी, तुमचं वाचून आईला दाखवलं, ती काही बोलली नाही, उठून फोनवरची धूळ पुसली. आगोट, इन्व्हर्टरचं उद्याच बघतो.

रातांबा
आणि साचा? तो मिळाला का?

खळ्यातून
नाही. काका म्हणतो पंपाच्या खोपीच्या दाराला पत्रा कमी पडला तेव्हा ठोकला असेल. फवारणी उरकली की तिकडे जाऊन बघतो.