फॅमिली ग्रुप: माई आत्या आणि सर्बिटनचे शेजारी

माई आत्या: शुभ सकाळ सगळ्यांना, इथे अजून पहाट पण नाही झाली, झोप उडालीय. प्राचीकडे लंडनमध्ये हॅरोला चार वाजताच अंधार पडतो, करणार काय, जावईबापूंनी एक जुनी मालिका लावून दिली, द गुड लाइफ, १९७५ ची बीबीसीची. म्हटलं थोडा वेळ बघू, तर आता संपत आलीय. नंदू तू बघच, तुझ्यासारखाच एक वेडा आहे त्यात

नंदू काका: माझ्यासारखा म्हणजे काय गं

माई आत्या: अरे टॉम गुड म्हणून आहे, चाळिशी पूर्ण होते त्याची पहिल्या भागात, नोकरी काय तर कॉर्नफ्लेक्ससारख्या सीरियलच्या पाकिटात मुलांना प्लास्टिकची खेळणी फुकट देतात ना ती डिझाइन करायची. एक दिवस ठरवतो बास झालं, आणि नोकरी सोडून सर्बिटनसारख्या लंडनच्या टापटीप उपनगरात घरापुढचं मागचं सगळं अंगण खणून बटाटे लावतो, बकरी आणतो जेराल्डीन नावाची, डुकरं आणतो, आणि कोंबड्याचं नाव लेनिन 😂 बायको बार्बरा बिचारी हो म्हणते

सुनंदा काकू: माई तुम्ही यांना कशाला असलं दाखवता, गच्चीत आधीच बत्तीस कुंड्या आहेत आणि खालच्या मजल्यावरचे रोज पाणी गळतंय म्हणून फोन करतात

ओंकार: वीज वगैरे कुठून आणतो मग?

माई आत्या: तळघरात जनरेटर बसवलाय, जनावरांच्या शेणावर चालणारा

नंदू काका: म्हणजे गोबरगॅस! आमच्या आजोळी होता की, याचं इंग्रजांना कौतुक

ओंकार: काका पण टायमिंग बघा ना, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, ७४ च्या सुरुवातीला कोळशाच्या तुटवड्यामुळे तिकडच्या सरकारने कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज दिली होती, आणि ७५ मध्ये महागाई २४ टक्क्यांवर. अशा वेळी टीव्हीवर कोणी म्हणतंय की पगार नको, घरचंच पिकवून खाऊ, तर लोक बघणारच

स्वाती: आत्या ती बार्बरा म्हणजे फेलिसिटी केंडल ना? जेनिफर केंडलची धाकटी बहीण, शशी कपूरची मेव्हणी. आईवडिलांची नाटक कंपनी होती, शेक्सपिअर करत भारतभर फिरायचे, ही इथेच वाढली. शेक्सपिअरवाला सिनेमात हीच आहे, शशी कपूरबरोबर, १९६५ चा

नंदू काका: काय सांगतेस!! जेनिफर आणि शशी कपूरने जुहूला पृथ्वी थिएटर उभं केलं १९७८ ला, आम्ही ठाण्याहून तिथे नाटकाला जायचो, मध्यंतरात चहासाठी ही रांग. तिची बहीण डुकरं पाळते म्हणजे आता बघायलाच हवं

माई आत्या: बघ पण टॉमसाठी बघू नकोस. मला विचाराल तर सगळी मजा शेजारच्या मार्गोमध्ये आहे. जेरी आणि मार्गो लेडबेटर, जेरी म्हणजे टॉमच्याच ऑफिसातला, तो वर चढत गेला आणि हा सोडून आला. मार्गो लांब झगे घालते, नाक वर करून बोलते, विनोद झाला तर तिला कळत नाही आणि आपल्याला कळला नाही हे मात्र तिला कळतं, ते त्या पेनेलोपी कीथने असं दाखवलंय ना चेहऱ्यावर, बाफ्टा, तिकडचा मोठा टीव्ही पुरस्कार, उगाच नाही मिळाला. आणि गंमत म्हणजे पहिल्या भागात ती दिसतच नाही, नुसता आवाज येतो

स्वाती: पण सगळे तिलाच हसतात ना? खडूस शेजारीण

माई आत्या: हसतात पण मला तिचं पटतं गं. तू लाखाचं घर घेतलंस आणि भिंतीपलीकडे कोणी डुकरं आणली तर? बोलेल, भांडेल, पण वेळ आली की हीच येते. टॉमची पाठ धरते आणि पीक तर काढायलाच हवं, तेव्हा ही पिवळा रेनकोट घालून धो धो पावसात चिखलात उतरते आणि आपटते सपशेल. एका भागात ती वारा अडवायला आडोसा घालते, त्याने यांच्या फळझाडांचं ऊन जाणार म्हणून केवढं रामायण, शेवटी वाटाण्याच्या शेंगांची घरची वाइन पिऊन मिटतं, ती वाइन म्हणजे डोक्यात जाणारी आहे हां

सुनंदा काकू: आमच्या सोसायटीत असं मिटत नाही, रजिस्टर्ड पत्र येतं

ओंकार: 😂😂

स्वाती: आणि बार्बरा बिचारी वगैरे मला नाही पटत. चिखल तीच तुडवते, स्वयंपाक तिचा, कपडे शिवायचे तिने, आणि स्वप्न कोणाचं तर टॉमचं. तो उत्साहाने बोलत राहतो, त्याने आवाज चढवला की तीच जमवून घेते. मार्गो निदान नाही म्हणते

माई आत्या: अगं बार्बरा पण गप्प नाही बसत, चांगली सुनावते त्याला. पण हो, जेरी शेजारी नसता तर टॉमचं स्वावलंबन महिनाभर टिकलं नसतं हे मात्र खरं. आणि एक गोष्ट बघा, दोन्ही जोडप्यांना मूल नाही आणि त्याचा कोणी बाऊ करत नाही, आपल्याकडची मालिका असती तर दुसऱ्या भागात कोणाची तरी सासू येऊन रडली असती

प्राची: आई रात्री दोनला मेसेज करतेय आणि मला सांगते झोप म्हणून 🙄 बाय द वे शूटिंग सर्बिटनला नाही झालं, नॉर्थवूडला झालंय, आमच्याकडून ट्यूबच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर आहे, रविवारी नेणार आहे तिला. तिने अजून एक पकडलंय, घरातून अंगणात आले की चित्राचा रंगच बदलतो

माई आत्या: हो ना! दाराच्या आत सगळं चकचकीत आणि बाहेर पाऊल टाकलं की जरा धूसर. जावई म्हणाले तेव्हा असंच करायचे, घरातलं स्टुडिओत प्रेक्षकांसमोर व्हिडिओवर आणि बाहेरचं फिल्मवर. हसणारे लोक खरेच बसलेले असायचे. १९७८ चा शेवटचा भाग तर खुद्द राणीसमोर केलाय

ओंकार: एकच भाग बघायचा असेल तर कुठला?

माई आत्या: १९७७ चा ख्रिसमसचा. मार्गोने मागवलेलं झाड ऑर्डरपेक्षा सहा इंच कमी म्हणून ती व्हॅन परत पाठवते, आणि त्याच व्हॅनमध्ये सगळा ख्रिसमस, खाणंपिणं सजावट सगळंच. मग घरी येणाऱ्यांना जेरीला कांजिण्या झाल्यात म्हणून कळवते आणि शेवटी चौघं टॉम-बार्बराच्या घरी, वर्तमानपत्राच्या टोप्या घालून. मार्गोच्या वाट्याला डेली मिरर या सामान्य लोकांच्या पेपरची टोपी येते आणि ही बाई तिथेही कुरकुरते. तेवढा एक भाग सुनंदाला पण दाखव नंदू

नंदू काका: आज रात्रीच बघतो. सुनंदा, गच्चीत कोंबड्या बसतील का गं चारपाच?

सुनंदा काकू: कोंबड्या बसतील, तुम्ही कुठे बसणार ते ठरवा