स्नायूची बायॉप्सी पुन्हा करायची आहे, या वेळी तुकडा वाया जाऊ नये म्हणून कोणाला काय विचारावं?

धाकट्याची_ताई

नमस्कार. भावासाठी विचारते आहे. वय २६. कॉलेजात होता तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी उतरू लागली, मग उजवीचीही. आता बुबुळं फारशी हलत नाहीत, बाजूला बघायचं तर अख्खी मान वळवतो. जिना चढला की मांड्या भरून येतात आणि पुढचा दिवस आडवं पडण्यात जातो. मायस्थेनियाच्या (नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडतो तो आजार) सगळ्या तपासण्या नॉर्मल. लॅक्टेट वाढलेलं, सीपीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा एन्झाइम) किंचित वर. संशय मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, आजाराचा आहे. रक्तावर जनुकांची तपासणी झाली, मायटोकॉन्ड्रियल डीएनएसकट. त्यात काही सापडलं नाही.

मग मांडीची बायॉप्सी झाली. रिपोर्टात काय, तर तुकडा फॉर्मलीनमध्ये (नमुने टिकवायचं रसायन) मिळाला, एन्झाइमच्या तपासण्या करता आल्या नाहीत, किरकोळ बदल दिसतात. टाके पडले, वण राहिला, हाती काहीच नाही. आता दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्ट पुन्हा करायला सांगतायत. भाऊ म्हणतो, या वेळी उपयोग होणार असेल तरच मी पाय पुढे करतो. त्याला काय समजावू?

एकांनी सांगितलं तुकडा ताजाच लागतो, दुसऱ्यांनी सांगितलं गोठवलेला चालतो. सुईने करावी की चीर देऊन? आणि एवढं करून नक्की कळेल का? ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.

क्रायोस्टॅटवाला

ताई, मी ऑपरेशन करत नाही आणि रिपोर्टावर सहीही माझी नसते. तुकडा आला की तो गोठवणं, कापणं, रंगवणं एवढंच माझं काम. त्यामुळे मी तुकड्याच्या बाजूनेच बोलेन.

स्नायूची बायॉप्सी फसते ती बहुतेक वेळा कापताना नाही, कापल्यानंतर. ओटीतून तुकडा बाहेर आला की तो कोणी घ्यायचा, कशात ठेवायचा, किती वेळात कुठे पोचवायचा, हे आधी ठरलेलं नसतं. ओटीची सवय फॉर्मलीनची. पित्ताशय असो, गाठ असो, निघालं की बाटलीत. सिस्टरना कोणी वेगळं सांगितलंच नाही तर त्या तेच करणार, आणि त्यात त्यांना बोल लावता येत नाही.

फॉर्मलीनने तुकडा टिकतो पण त्यातले एन्झाइम मरतात. मायटोकॉन्ड्रियासाठी आम्ही जे स्टेन (रंगवण्याच्या तपासण्या) करतो त्यातले महत्त्वाचे दोन, कॉक्स आणि एसडीएच (ही तिथल्याच दोन एन्झाइमची नावं), म्हणजे काचेवर प्रत्यक्ष घडवून आणलेली एन्झाइमची क्रिया असते. एन्झाइम मेलेला असेल तर रंग येणारच नाही. शिवाय फॉर्मलीनमध्ये डीएनएचे बारीक तुकडे होतात, म्हणजे भावाच्या बाबतीत जे शोधायचं आहे तेही अवघड. तरी तो जुना पॅराफिन ब्लॉक आणि काचा मागून घ्या आणि नव्या डॉक्टरांना द्या. डिस्ट्रॉफी, सूज, असं दुसरं काही असेल तर त्यावर अजूनही बघता येतं.

बरोबर पद्धत अशी. तुकडा सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉझमध्ये ठेवायचा. सलाइनमध्ये बुडवायचा नाही, हे ओटीत दोनदा सांगा. बुडाला की पाणी शोषतो, आणि गोठवताना त्याच पाण्याचे स्फटिक होऊन तंतूंची चाळण होते. बंद डबी, डबीखाली बर्फ, तुकडा थेट बर्फाला लागू द्यायचा नाही, आणि लगेच आमच्याकडे.

आम्ही तो आयसोपेन्टेन नावाच्या द्रवात गोठवतो. बाहेरून द्रव नायट्रोजन लावून आयसोपेन्टेन उणे १६० अंशांच्या आसपास न्यायचं. भांड्याच्या तळाशी ते पांढरं धरू लागलं की वेळ झाली. लोक विचारतात, नायट्रोजन उणे १९६ चा आहे, मग सरळ त्यातच का नाही टाकत? कारण त्यात तुकडा पडला की नायट्रोजन उकळतो, तुकड्याभोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि थंडी आत पोचायला उशीर होतो. तेवढ्या उशिरात स्फटिक तयार होतात. एन्झाइमच्या रासायनिक मोजणीसाठीचा तुकडा मात्र सरळ नायट्रोजनमध्ये टाकला तरी चालतं, कारण तो पुढे कुटायचाच असतो. त्याची रचना कोण बघतंय!

म्हणजे एकाच बायॉप्सीचे वाटे वेगवेगळे. एक स्टेनसाठी, एक रेस्पिरेटरी चेनच्या (मायटोकॉन्ड्रियातली ऊर्जा बनवणारी साखळी) एन्झाइमसाठी, एक डीएनएसाठी, कणभर ग्लुटराल्डिहाइडमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, आणि उरलेला उणे ८० अंशांना राखीव. एन्झाइमसाठी लॅब साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम मागतात. तुमच्या लॅबचा आकडा त्यांनाच विचारा. सुईने निघालेल्या काड्या स्टेनला आणि डीएनएला पुरू शकतात. सगळंच करायचं असेल, त्यातून दुसरी खेप असेल, तर मी चीर देऊन काढलेला तुकडाच मागेन.

ताजा की गोठवलेला, तर दोन्ही सांगणारे आपापल्या जागी बरोबर आहेत. स्टेन, डीएनए आणि कॉम्प्लेक्स १ ते ४ ची (त्या साखळीतले एन्झाइमचे गट) मोजणी नीट गोठवलेल्या तुकड्यावर होते. मायटोकॉन्ड्रिया अखंड ठेवून ते ऑक्सिजन किती वापरतात, एटीपी (पेशीचं इंधन) किती करतात हे मोजायचं असेल तर ताजा तुकडा काही तासांत त्याच लॅबमध्ये पोचावा लागतो, म्हणजे रुग्णालाच तिथे जावं लागतं. भावाच्या लक्षणांसाठी एवढं लागेलच असं नाही.

बाहेरच्या लॅबला पाठवणार असाल तर भरपूर ड्राय आइस, आणि शनिवार-रविवार आडवा येणार नाही असा दिवस. वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलेला तुकडा दिसायला अगदी चांगला दिसतो, एन्झाइम मात्र गेलेले असतात. आणि खोका हवाबंद करू देऊ नका, ड्राय आइसचा वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते.

मान_वळवून

माझं अगदी असंच होतं, पापण्या आणि डोळे. रक्ताचा रिपोर्ट कोरा. स्नायूतल्या डीएनएमध्ये एक मोठं डिलिशन, म्हणजे गळालेला भाग, सापडलं.

रक्तात का दिसलं नाही ते मला डॉक्टरांनी छान समजावलं होतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांचं एक वर्तुळ, आणि एका पेशीत अशी शेकडो-हजारो. काहींचा मोठा तुकडा गळालेला असतो, बाकीची धड असतात. नेहमी सापडणारं डिलिशन ४,९७७ अक्षरांचं आहे. रक्ताच्या पेशी सतत नव्या बनतात, त्यात ही तुटकी वर्तुळं हळूहळू मागे पडतात. स्नायूचा तंतू वर्षानुवर्षं तोच, म्हणून तिथे ती साठून राहतात. १९८८ मध्ये ही डिलिशन्स पहिल्यांदा सापडली तीही रुग्णांच्या स्नायूतच, रक्तात नव्हे. तेव्हा रक्त कोरं आलं म्हणून भाऊ सुटला असं धरू नका, आणि आजार मनाचा आहे असं कोणी म्हणालं तर ऐकूनही घेऊ नका. मी बरंच ऐकून घेतलं.

एक महत्त्वाचं. भावाचा ईसीजी कधी झाला होता? डिलिशनच्या आजारात, विशेषतः विशीच्या आत सुरू झालेल्या कर्न्स-सेअर प्रकारात, हृदयाच्या विद्युतवहनात अडथळा येऊ शकतो आणि तो आधी काही सांगत नाही. बायॉप्सीची तारीख पुढेमागे होईल, ईसीजी लगेच करून घ्या. डोळ्याचा आतला पडदाही डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मोठीची_आई

ताई, कापाकापी करण्याआधी लघवीचा नमुना विचारून बघा. माझ्या मुलीचं ३२४३ क्रमांकाचं म्यूटेशन (मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत त्या जागी एका अक्षराचा बदल) रक्तात अगदी थोडं आणि लघवीतल्या पेशींत बरंच जास्त निघालं. या म्यूटेशनचं रक्तातलं प्रमाण वयाबरोबर घटत जातं म्हणे. त्यातही पापण्या उतरतात. आम्हाला बायॉप्सी लागलीच नाही. सकाळचा पहिला नमुना द्यायचा, टोचायचंसुद्धा नाही.

रात्रपाळी_न्यूरो

न्यूरॉलॉजीत शिकतोय, मत त्याच बेताने घ्या. वरच्या दोन्ही मुद्द्यांशी सहमत. हल्ली जनुकं आधी आणि स्नायू नंतर असाच क्रम असतो, पण डोळ्यांच्या स्नायूंचा असा आजार असेल आणि रक्त कोरं असेल, तर स्नायूच्या डीएनएला अजून पर्याय नाही. लघवीत काही निघालं नाही तर बायॉप्सी योग्यच.

मात्र फॉर्मवर 'मायटोकॉन्ड्रियल?' एवढंच लिहून चालत नाही. स्नायूच्या डीएनएवर लाँग-रेंज पीसीआर (डीएनएचे लांब तुकडे वाढवून बघणं) किंवा पूर्ण सीक्वेन्सिंग (अक्षरं ओळीने वाचणं) हवं, आणि ते एकल आणि अनेक अशी दोन्ही डिलिशन्स पकडणारं हवं. एकच डिलिशन असेल तर ते बहुधा आईवडिलांकडून आलेलं नसतं. अनेक असतील तर दोष पेशीच्या केंद्रकातल्या, पोल्जीसारख्या (मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची नक्कल सांभाळणाऱ्या) जनुकात शोधावा लागतो, आणि मग तो प्रश्न घरातल्या इतरांचाही होतो.

भुलीबद्दल: मोठ्या माणसाला जागा बधिर करून भागतं. औषध त्वचेत आणि त्वचेखाली द्यायचं, ज्या स्नायूचा तुकडा घ्यायचा त्यात टोचायचं नाही, तुकडा बिघडतो. पूर्ण भूल द्यायचीच झाली तर भूलतज्ज्ञांना संशय आधी सांगा. उपास लांबवू नये, लांबलाच तर ग्लुकोजचं सलाइन. रिंगर लॅक्टेट नको. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध तासन्‌तास चालू ठेवणं आणि स्नायू सैल करणारं सक्सामेथोनियम, दोन्ही टाळतात.

धाकट्याची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. ईसीजी जुना होता, आज नवीन काढला, नॉर्मल आहे. दरवर्षी करायला सांगितलंय. लघवीचा नमुनाही देतोय.

@क्रायोस्टॅटवाला, एक राहिलंच. एवढं सगळं नीट पार पडलं आणि तरी रिपोर्ट नॉर्मल आला तर? भाऊ हेच विचारून बसलाय. आणि याही वेळी मांडीच का?

क्रायोस्टॅटवाला

नॉर्मल येऊ शकतो. मुलांमध्ये तर बऱ्याचदा स्टेन स्वच्छ आणि आजार खरा, असंही असतं. त्याला तसं आधीच सांगून ठेवा. पण त्याच्यासारखं वय आणि डोळ्यांची लक्षणं असली की स्टेन बरंच बोलतात.

कॉक्सचे काही भाग मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात, एसडीएच पूर्णपणे केंद्रकातल्या जनुकांवरून. म्हणून दोन्ही एकाच काचेवर केले की धड तंतू तपकिरी दिसतात आणि ज्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडलाय ते निळे. तपकिरी गर्दीत निळे ठिपके पसरलेले दिसले की पॅथॉलॉजिस्ट मॅडम मलाही बोलावून दाखवतात. पन्नाशीनंतर असे थोडे निळे तंतू निरोगी माणसातही सापडतात. सव्विसाव्या वर्षी मात्र मोजके असले तरी दुर्लक्ष करता येत नाही.

एन्झाइमच्या आकड्यांकडे बघताना सायट्रेट सिंथेसचा आकडा आधी बघा. तो मायटोकॉन्ड्रिया एकूण किती आहेत ते सांगतो, बाकीचे त्याच्या प्रमाणात वाचायचे. सगळेच कॉम्प्लेक्स पडलेले आणि सायट्रेट सिंथेसही पडलेला, असं आलं तर मी आधी तुकड्याच्या प्रवासावर संशय घेतो. दोन लॅबचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. प्रत्येकाची पद्धत वेगळी, नॉर्मलची पट्टी वेगळी.

मांडी अशासाठी की तिथल्या व्हास्टस लॅटरॅलिस या बाहेरच्या बाजूच्या स्नायूचे नॉर्मल नमुने सगळ्यांकडे आहेत, तुलनेला सोपं जातं. दंडाचा डेल्टॉइडही चालतो. फार वाळलेला स्नायू घेऊ नये, त्यात चरबी आणि तंतुमय भागच निघतो. जुन्या वणाजवळ तर नकोच. ईएमजीची (स्नायूतले विद्युत संदेश मोजायची तपासणी) सुई कोणत्या पायात घातली होती? सुईच्या जागी होणारी सूज महिनाभर तरी तुकड्यात दिसते आणि आजाराची वाटते.

धाकट्याची_ताई

मागची बायॉप्सी डाव्या मांडीची, आणि ईएमजी या महिन्यात उजव्या पायात झालंय!

क्रायोस्टॅटवाला

मग घाई नको. उजव्या मांडीत नेमक्या कोणत्या स्नायूत सुई गेली ते ईएमजीच्या रिपोर्टात असतं. तो कागद सर्जनना दाखवा. व्हास्टस लॅटरॅलिस सुटला असेल तर उजवी मांडी, नसेल तर डेल्टॉइड घेता येईल का ते विचारा. तारीख ठरवण्याआधी लॅबला फोन करून तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी गोठवायला माणूस असेल का, तुकडा ओटीतून तेच नेतील की कोणी आणून द्यायचा, आणि राखीव तुकडा उणे ८० ला किती काळ ठेवतील. फॉर्मवर भावाची सगळी औषधं लिहा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) असेल तर तेही, त्यानेही स्नायूत बदल दिसतात.

धाकट्याची_ताई

स्टॅटिन नाही. फोन उद्या सकाळीच करते. भावाला तुमचा आयसोपेन्टेनचा परिच्छेद वाचून दाखवला. म्हणाला, उजवी मांडी घ्या, पण गोठवताना मला बघायला मिळेल का ते विचार.