मदत हवी आहे: सांबाने शेअर केलेला प्रिंटर विंडोज ११ ला दिसतो, पण छापतो भलतंच

नमस्कार मंडळी, जामसंड्याहून लिहितेय, देवगडला लागूनच. घरचं हापूसचं पॅकिंग आहे, खळ्यात मांडव घालून पेट्या भरतो आणि संध्याकाळी वाशीला जाणारी गाडी यायच्या आत बिलं आणि पेट्यांवरची लेबलं छापून तयार लागतात.

पडवीत जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम, लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), यूएसबीने लेझर प्रिंटर जोडलेला. सांबा (लिनक्सवरच्या फाइली, प्रिंटर विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर) टाकून एक फोल्डर शेअर केलाय, खळ्यातल्या विंडोज १० लॅपटॉपवरून तो गेस्ट म्हणून बिनपासवर्डचा उघडायचा. यंदा विंडोज ११ प्रो चा लॅपटॉप आला आणि गेस्ट बंद. शोधल्यावर कळलं की विंडोजच्या २४एच२ अपडेटपासून एसएमबीला (सांबा आणि विंडोज फाइली शेअर करतात ती पद्धत) सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, सक्तीचं आहे आणि गेस्टला ते जमत नाही, म्हणून मिंटवर सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए ही कमांड देऊन पासवर्डवाला युजर बनवला, फोल्डर लगेच उघडला!

अडलंय ते प्रिंटरचं. नेटवर्कमध्ये दिसतो, विंडोजला त्याचा ड्रायव्हर (प्रिंटरशी बोलायचं सॉफ्टवेअर) मिळत नाही म्हणून यादीतला जवळचा वाटला तो निवडला, तर पानभर चित्रविचित्र अक्षरं नाहीतर कोरा कागद. लेबलांची ३ स्टिकरशीटं वाया गेली. बाबा दर अर्ध्या तासाने, "लेबलां छापलंस काय गो?"

दुकानदार म्हणतो डेस्कटॉपवर पण विंडोज टाका, एका व्हिडिओत एसएमबी १ (एसएमबीची जुनी आवृत्ती) चालू करा म्हटलंय. मला मिंट काढायचं नाहीये, सगळ्या बागायतदारांचे हिशेब त्यावर आहेत आणि १९९२ पासून लोक खपून सांबा सगळ्यांना फुकट देतायत, ते सोडून द्यायला मन होत नाही. कुणी केलंय का असं?

उत्तर (रत्नागिरीहून):
ताई, एसएमबी १ अजिबात चालू करू नका, २०१७ चा वॉनाक्राय (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) त्याच वाटेने पसरला होता, शिवाय तुमच्या प्रिंटरशी त्याचा संबंधच नाही. ड्रायव्हर चुकला की विंडोज जे पाठवतो ते प्रिंटरला कळत नाही, सांबा बिचारा आलेलं तसंच पुढे देतो. फाइलींना सांबा राहू दे, छपाई थेट कप्सकडे (मिंटमधली छपाई सांभाळणारी यंत्रणा) द्या. मिंटवर सुडो कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स चालवा, फायरवॉल चालू असेल तर ६३१ पोर्ट उघडा. मग विंडोजमध्ये प्रिंटर ॲड करताना नावाने निवडायचा पर्याय घेऊन पत्ता टाका: एचटीटीपी, डेस्कटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स, स्लॅश कप्समधलं प्रिंटरचं नाव. ड्रायव्हर विचारलाच तर साधा पोस्टस्क्रिप्टचा (छपाईची एक सर्वसाधारण भाषा) द्या, प्रिंटरच्या भाषेत बदलायचं काम मिंट करतो. आधी साध्या कागदावर बघा, स्टिकर नको.

धागाकर्ती:
दादा, छापलं!! साध्या कागदावर पण आणि लेबलांवर पण, खूप खूप आभार. पण दुपारी वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, परत आल्यावर प्रिंटर ऑफलाइन. डेस्कटॉपचा आयपी शेवटी १० होता तो १४ झालाय.

उत्तर:
राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्वेशन (एका यंत्राला कायम तोच आयपी द्यायची सोय) शोधा, तिथे डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि १० वाला आयपी बांधून टाका, मग लाइट कितीही वेळा गेली तरी पत्ता तोच. राउटर आणि डेस्कटॉप दोन्ही रीस्टार्ट करून बघा आणि इथे कळवा.